एकशे अठ्ठ्याऐंशी व्होल्ट

वडगावात भरमा काकांच्या माडीवर तो पेटारा.
सागवानी खोका, तोंडाला गोणपाट,
आत चार व्हॉल्व्ह आणि एक स्पीकर,
उंदरानं कुरतडलेला,
पतंगाच्या कागदानं डकवलेला.
खडे बाजारातल्या चन्नाप्पानं बांधला होता
मेलेल्या रेडिओंच्या पोटातलं सामान काढून.
नॉबभोवती त्यानं पांढऱ्या रंगात कन्नड आकडे घातले.
काका मराठी शाळेचे.
सहा तेवढा दोन्हीकडं जवळजवळ सारखाच दिसतो,
म्हणून पेटारा जन्मभर सहावर.

मी पुण्याहून प्रोफायलर आणला, दोन दिवसांच्या भाड्यानं.
जेवणाच्या डब्याएवढं यंत्र.
ते आधी शिट्टी घालतं, मग खरखरतं,
मग ढुंई ढुंई करत वर चढतं, खाली येतं,
पेटारा काय उत्तर देतो ते ऐकतं,
बाईनं लुगड्याचा पोत चिमटीत धरून बघावा तसं.
"काय करूलालास रे त्याला?"
"शिकूलालंय काका. तुमचा आवाज."
"मला तीस वर्षं लागली," काका म्हणाले,
आणि विडी विझवून ठेवली, माईकला धूर नको म्हणून.

पहिला दिवस सुट्टीचा निवडला मुद्दाम.
गल्लीतले माग बंद. मीटरवर दोनशे एकतीस.
दुपारपर्यंत झालंही.
खरा कुठला, नकली कुठला, मी बटण दाबत राहिलो,
मला ओळखू येईना.
काकांनी गिटार मांडीवरून खाली ठेवली.
"दोन्ही माझे न्हवं. पेटाऱ्याचापण न्हवं.
इस्त्री केल्यागत झालाय."

रात्री उशिरा डोक्यात आलं.
आमचा ऑर्केस्ट्रा वाजायचा तो माग चालू असताना.
शेकडो माग एकाच तारेवर तोंड लावून,
पेटाऱ्याला उरेल तेवढी वीज.
अर्धपोटी व्हॉल्व्ह. स्वर आधी खचायचा,
मग मागून फुगून यायचा, किंचित उशिरा,
जिना चढून आलेल्या माणसाच्या पहिल्या शब्दासारखा.
त्याला आम्ही काकांचा हात म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी रत्नव्वानं माग बंद ठेवलेले, आमच्यासाठी.
मी जिना उतरत ओरडलो, "चालू करा! सगळे!"
"कालच तर शांत पाहिजे म्हणालास की."
चार माग सुरू झाले. दोनशे चौदा.
तेवढ्यानं भागेना.
पूर्वी पुरलं असतं, पूर्वी गल्लीभर माग होते.
आता एका शेडात मोबाईलची कव्हरं,
एकीत ब्यूटी पार्लर, तीन कुलपं.
रत्नव्वानं पदर खोचला आणि गल्लीत हाक दिली,
अर्धी कन्नडात, अर्धी मराठीत.
पिठाची गिरणी लागली, दळण नसताना.
विहिरीवरची मोटर. इडलीवाल्याचा ग्राइंडर.
पार्लरवालीनं दोन्ही ड्रायर धरले हवेत, पिस्तुलासारखे.
दोनशे तीन. एकशे शहाण्णव.
कुणीतरी कपडे नसताना इस्त्री लावली.
एकशे अठ्ठ्याऐंशी.

काकांनी डोळे मिटले नाहीत की काही नाही.
फक्त म्हणाले, "हां. घे आता."

यंत्रानं नाव विचारलं. सोळा अक्षरं, तीही इंग्रजी.
गावाचं नाव घालावं तर कुठलं स्पेलिंग?
मी नुसता आकडा घातला.

रात्री अकराला गल्ली झोपली,
मीटर चढून परत दोनशे तीसवर.
पेटारा बंद. डब्यातून काका वाजवत होते,
आणि डब्यात अजून दुपारच होती, खचलेली, भरलेली.
दोन स्वरांच्या मधे नीट कान दिला तर
खटक् खटक्, लांबून.
मशिनमध्ये ते पुसायचं बटण आहे. मी हात लावला नाही.

सकाळी यंत्र पिशवीत घालून बसस्टँडला निघालो.
वर काकांनी पेटारा लावला.
तापायला लागतो तेवढा वेळ गेला.
मग सगळ्यात जाड तार, एकदाच.
थोडं थांबून परत एकदा.
उसनं दिलेलं भांडं परत आल्यावर
आपण वाजवून बघतो, तसं.